सुतळीच्या कमरेचा पासवर्ड

शेवटी सगळं सुखरूप पार पडलं. दार उघडलं, एकही माप चोरीला गेलं नाही, मी धडधाकट बाहेर आलो आणि जिमवाल्याचा कोटसुद्धा वेळेत तयार झाला.

हे आता विसरा. असं काहीही झालेलं नाही. दार बंद आहे, मी आत आहे, आणि जिमवाला बाहेर शर्ट काढून बसलाय.

‘आत’ म्हणजे माझ्या मावशीच्या शिवणकामाच्या दुकानातली ट्रायल रूम. तीन भिंतींना तीन आरसे, चौथीला दार. पूर्वी तिथे पडदा होता. पडद्याला पासवर्ड लागत नसे. “आत कोणी आहे का?” असं विचारलं की काम भागायचं, आणि तेवढ्या बंदोबस्तावर दुकान इतकी वर्षं विनातक्रार चाललं होतं.

पडदा जाऊन दार आलं ते शेजारच्या बेकरीमुळे. बेकरीवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलं, त्याची सगळी माहिती कुलूपबंद केली आणि स्क्रीनवर धमकी टाकली, की पैसे द्या, नाहीतर सगळं चव्हाट्यावर मांडतो. बेकरीवाल्याला वाटलं, पावाच्या ऑर्डरी चव्हाट्यावर आल्या तर फार तर पाव खपतील. त्याने दिले नाहीत. त्यांनी मांडलं. त्यातून असं निघालं, की गावातल्या एका प्रतिष्ठित वकिलांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या पत्त्यांवर ‘माझ्या एकुलत्या एक राणीस’ असा केक पाठवला होता. वकीलसाहेब सध्या तिसऱ्या पत्त्यावर राहतात.

“अरे देवा,” मावशी म्हणाली, “त्याच्याकडे नुसते केक होते. आपल्याकडे अख्खी माणसं आहेत.”

ते खरंच होतं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये गावाची मापं आहेत. माप म्हणजे आकडा असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही कधी कपडे शिवून घेतलेले नाहीत. कुणाचा एक खांदा उतरलाय, कुणाची कंबर छातीला मागे टाकून पुढे निघून गेलीय, कुठले हेडमास्तर पाठीला पोक येऊ नये म्हणून आतून पट्टी शिवून घेतात, हे फक्त त्यांना आणि मावशीला ठाऊक. जिमवाल्याचंच घ्या. चौकात त्याचं कोटातलं भलंमोठं पोस्टर आहे, खाली लिहिलंय, ‘शरीर खोटं बोलत नाही’. त्या पोस्टरमधले अर्ध्याहून जास्त खांदे मावशीने कापसाचे भरलेले आहेत. ही माहिती बाहेर गेली असती तर त्याला जिम बंद करून गादीचं दुकान काढावं लागलं असतं.

म्हणून बंदोबस्ताचं काम माझ्याकडे आलं. मी शिकायला म्हणून मावशीकडे आलो तो राहूनच गेलो. दुकानात मी ‘आमचा कॉम्प्युटरवाला’. काका, म्हणजे मावशीचे यजमान, मला सुतळी म्हणतात. माझ्याकडे बघितलं की कारण विचारावं लागत नाही.

मी मन लावून काम केलं. कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप ट्रायल रूममध्ये हलवला. इंटरनेट तोडलं. जाड दार बसवलं, त्याला आतून-बाहेरून आकड्यांची पाटी. पासवर्ड पाच वेळा चुकला, की सगळा डेटा आपोआप पुसला जाईल. दार फोडायचा प्रयत्न झाला तरी पुसला जाईल. आत कुणीही फोन न्यायचा नाही. फोन बाहेर, बटणांच्या टोपलीत ठेवायचा. आणि मावशीला पढवण्यासाठी भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला:

*फोनवर आनंदाची बातमी देणारा माणूस चोर असतो. घाई करणारा माणूस चोर असतो. ओळखीच्या आवाजात मदत मागणारा माणूसही चोर असू शकतो.*

मावशीने तो कागद देव्हाऱ्यासमोर बसून स्तोत्र म्हणावं तसा रोज वाचून पाठ केला. हे पुढे माझ्याच अंगावर आलं.

आता राहिला पासवर्ड. मावशीचं म्हणणं, कागदावर लिहायचा नाही, बेकरीवाल्याने लिहिला होता. पाठही करायचा नाही, पाठ केलेलं माणूस झोपेत बडबडतं.

“मग ठेवायचा कुठे?” मी विचारलं.

“अंगावर,” ती म्हणाली. “पासवर्ड म्हणजे एका माणसाचं माप. दार उघडायचं असेल तेव्हा टेप लावायची, माप घ्यायचं, आकडे दाबायचे. विसरायची भानगड नाही, हरवायची भानगड नाही.”

“कोणाच्या अंगावर?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. काकांचं वजन दिवाळखोर कंपनीच्या शेअरसारखं, पण उलट्या दिशेने जातं. मावशी स्वतःचं माप स्वतःलाही सांगत नाही. मी मात्र दहावीत होतो तेव्हापासून तेवढाच आहे.

मी लगेच कबूल झालो, कारण मला घाई होती. (घाई करणारा माणूस कोण असतो ते वर लिहिलंच आहे.) दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने मला नोकरी दिली होती, तीही डेटा सांभाळण्याचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. दुपारची बस होती. बॅग कापडाच्या ठाणांमागे लपवलेली होती. मावशीला सांगितलं नव्हतं. दार एकदा नीट चालू करून देतो, मग सांगतो, असं मी ठरवलं होतं. हे मी गेल्या तीन नोकऱ्यांच्या वेळीही ठरवलं होतं, आणि प्रत्येक वेळी दुकानात काहीतरी चालू करून द्यायचं निघालं होतं.

तर मावशीने टेप काढली. आमच्याकडे माप घ्यायची एक रीत आहे. मावशी टेप लावते आणि आकडा पुकारते, काका लिहितात. मावशीने पुकारलं, “खांदा सतरा! छाती चौतीस! कंबर अठ्ठावीस! सीट पस्तीस! बाही चोवीस!” काकांनी पाटीवर आकडे दाबले. पासवर्ड ठरला. हा अत्यंत गुप्त कार्यक्रम चालू असताना बाकावर जिमवाला चहा पीत बसला होता, आणि त्याने मान डोलावून “कंबर छान ठेवलीय हं,” असा अभिप्रायही दिला.

मी फोन टोपलीत ठेवला, आत गेलो, दार ओढून घेतलं. आतून उघडतंय का एवढं बघायचं होतं. आकडे दाबले. पाटी लाल झाली.

चुकून बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा दाबले. पुन्हा लाल.

“काय झालं रे?” मावशी दाराबाहेरून.

“काही नाही. दार फार सुरक्षित आहे.”

जिमवाला म्हणाला, “ताई, मला कोट घालून बघायचाय. किती वेळ?”

“तो आत आहे.”

“मग बाहेर बोलवा की.”

“तेच तर चाललंय.”

तुम्ही कधी तीन आरशांच्या खोलीत अडकला असाल तर कळेल. तिथे माणूस एकटा अडकत नाही. आम्ही निदान वीस-पंचवीस जण होतो. सगळे सारखेच लुकडे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, आणि कुणालाही काही सुचत नव्हतं. कोपऱ्यात जिमवाल्याचा अर्धा शिवलेला कोट पुतळ्यावर उभा होता. खोलीत खांदे असलेला तेवढाच एक.

आत एक जुनी टेप सापडली. मी स्वतःचं माप घेतलं. स्वतःचा खांदा स्वतः मोजणं म्हणजे स्वतःच्या पाठीवर थाप मारून शाबासकी देण्यासारखं आहे. होतं, पण आकड्यावर विश्वास बसत नाही. मला साडेसोळा आला. पाटीवर अर्धा नव्हता, म्हणून मी सतराऐवजी सोळा दाबून पाहिला. लाल. पाटीवर अक्षरं उमटली: दोन संधी शिल्लक.

“मी खांदा मारतो दाराला,” जिमवाला म्हणाला.

“नको!” मी आतून ओरडलो. “दार फोडलं तर सगळी मापं पुसली जातील!”

मग जिमवाला अगदी हळू, आशेने म्हणाला, “सगळी?”

“तुझं मला तोंडपाठ आहे,” मावशी म्हणाली. “डावा खांदा, आत कापसाचे…”

“बसतो मी,” जिमवाला म्हणाला.

तेवढ्यात टोपलीत माझा फोन वाजला. मी आतून “उचलू नकोस!” म्हणेपर्यंत मावशीने उचलून स्पीकरवर टाकला होता. तिला फोन तसाच घेता येतो. एक गोड आवाज आला, “नमस्कार! तुमची निवड झाल्याबद्दल पुन्हा एकदा अभिनंदन. उद्या सकाळी रुजू होताय ना? आज संध्याकाळपर्यंत कळवलंत तर बरं होईल, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला द्यावी लागेल.”

मावशीने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं असणार. मला ते दाराच्या अलीकडूनही दिसलं.

“आनंदाची बातमी,” ती म्हणाली, “आणि घाई. बाई, एका वाक्यात दोन्ही केलंत. लाज नाही वाटत? आईवडिलांनी शिकवलं ते याच्यासाठी?”

“अहो मॅडम, मी कंपनीतून…”

“सगळे कंपनीतूनच असतात. ओटीपी मिळणार नाही. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन.” फोन बंद झाला. “बघ रे,” ती दाराकडे तोंड करून अभिमानाने म्हणाली, “कशी पकडली!”

मी कपाळ आरशाला टेकलं. पंचवीस जणांनी टेकलं.

“मावशी,” मी म्हणालो, “ती चोर नव्हती. ती नोकरी खरी आहे.”

“कुठली नोकरी?”

“माझी. मी आज दुपारच्या बसने जाणार होतो. लवकर बाहेर काढ, आणि तिला परत फोन लाव.”

शिलाई मशीनचं चाक कुणीतरी उगाच फिरवून थांबवलं.

“अहो,” मावशी काकांना म्हणाली, “हा ओळखीच्या आवाजात मदत मागतोय.”

“मावशी!”

“कागदावर तूच लिहिलंयस. आमचा सुतळी मला न सांगता कुठे जाणारा नाही. तू तोच कशावरून?”

“अगं, मी आत जाताना तू बघितलंस!”

“जाताना बघितला तो माझा भाचा होता. बोलतोय तो कोण आहे मला माहीत नाही.”

हे सुरक्षेच्या दृष्टीने अत्यंत योग्य होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. एकाच वेळी, एकाच घशात.

“मी लहान असताना पिनांच्या उशीवर बसलो होतो,” मी म्हणालो. “तू रात्रभर माझ्या उशाशी बसली होतीस. सकाळी म्हणालीस, आता हा माझाच.”

“हं,” मावशी म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज. “तोच आहे. मेला.”

आणि तेव्हा काका बोलले. काका दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन दोऱ्याच्या रंगाबद्दल असतात. ते म्हणाले, “अगं, मी लूजिंग देऊन दाबलं असणार.”

लूजिंग म्हणजे अंगाच्या मापावर कपड्यात जे वाढवायचं ते. चौतीस छातीला चौतीसचाच शर्ट शिवला तर माणसाला श्वास घेता येणार नाही. मावशी पुकारते ते अंगाचं माप, काका लिहितात ते कपड्याचं. मधली बेरीज काकांच्या डोक्यातून जातच नाही, परस्पर हातातून होते. इतकी वर्षं हात तसाच चालला. पासवर्ड टाकतानाही तसाच चालला. म्हणजे अख्ख्या दुकानाने ऐकलेला पासवर्ड पासवर्डच नव्हता. जगातली कुठलीही टोळी आमच्यात शिरली असती तरी तिला हे सापडलं नसतं. आम्हालाही सापडत नव्हतं.

“किती दिलं?” मी दाराला चिकटलो.

“छातीला चार. सीटला तीन. खांदा, बाही आहे तसं.”

“आणि कंबर?”

“कंबर…” काका थांबले. “कंबर माणसावर आहे.”

“म्हणजे?”

“परगावी जाणारा पोरगा वाळतो. खाण्यापिण्याचे हाल होतात. त्याला कंबरेत काही द्यायचं नाही, उलट पट्टा लागतो. घरी राहणारा सुटतो. त्याला दोन द्यायचे. लग्न ठरलेल्याला तीन.”

“मला किती दिलेत?”

“आठवत नाही. हाताने दिलं.”

“माझं लग्न ठरवलंयत का?”

जिमवाला खोकला.

मी पाटीसमोर उभा राहिलो. दोन संधी, तीन कंबरा. माझं पुढचं आयुष्य काकांच्या हाताला काय वाटलं होतं त्यावर येऊन ठेपलं होतं. मी आठवायला लागलो. सकाळी काका ठाणांमागे अस्तराचं कापड काढायला गेले होते. बॅग तिथेच होती. काकांनी ती बघितली नसेल असं होणंच शक्य नाही. त्यांना ठाणांमागची सुईसुद्धा दिसते. म्हणजे त्यांना कळलं होतं. म्हणजे हातानेही जाणाऱ्याचीच कंबर दिली असणार. बाहेर जाणारा. वाळणारा. पट्ट्याचा.

मला खूप बरं वाटलं. कुणीतरी मला न बोलता निरोप दिला होता.

छाती-सीटला लूजिंग धरून मी कंबरेला अठ्ठावीसच दाबले. लाल. एक संधी शिल्लक.

आरशांतले सगळे जण माझ्याकडे बघत होते. बस स्टँडवर लागली असेल. आता दोन की तीन. चुकलो तर मावशीची सगळी मापं जाणार, हातात नुसती टेप उरणार. आणि मी बाहेर पडलो तरी कुठल्या तोंडाने जाणार?

“काका,” मी म्हणालो, “डोळे मिटा. टेबलापाशी उभे राहा. मावशी, तू पुकार. काका, तुम्ही हवेत दाबा. विचार करू नका.”

मावशीने पुकारलं. नेहमीसारखं, पण कंबरेपाशी तिचा आवाज जरा चिरकला. “कंबर अठ्ठावीस!”

“तीस,” काकांचा हात म्हणाला. म्हणजे बोलले काकाच, पण त्यांनाही ते ऐकून आश्चर्य वाटलं.

मी तीस दाबले. पाटी हिरवी झाली. दार उघडलं.

काका समोरच उभे होते, हात अजून हवेत.

“तुम्ही बॅग बघितली होती ना?” मी विचारलं.

“बघितली होती,” काका म्हणाले. “मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.”

जिमवाला माझ्या बाजूने आत गेला, दार लोटलं आणि कोट चढवायला लागला. दार आपोआप बंद झालं. त्याला बाहेर काढायला मला पुन्हा टेप लावावी लागली.

बस अजून गेली नव्हती, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी त्या बाईंना फोन लावून माफी मागितली. त्या सज्जन निघाल्या. म्हणाल्या, या, फक्त एक प्रतिज्ञापत्र भरून पाठवा. त्यात लिहिलं होतं: ‘मी माझ्या आधीच्या मालकाची कोणतीही गोपनीय माहिती, कोणत्याही स्वरूपात, सोबत आणत नाही.’

मी ते वाचलं. मग आरशात बघितलं. मग त्यांना विचारलं, शरीर हे ‘कोणत्याही स्वरूपात’ या शब्दांत येतं का? त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं. साहेबांनी वकिलाला विचारलं. उत्तर आलं: येतं.

मी मावशीला म्हणालो, पासवर्ड बदलू या, कुणा दुसऱ्याच्या अंगावर ठेवू या. मावशी म्हणाली, “चालतंय ना? मग चालत्या मशीनला हात लावायचा नाही.” ती ओरडली नाही, रडली नाही, मला अडवलंही नाही. फक्त मला जेवायला वाढलं, आणि नेहमीपेक्षा एक घास कमी वाढला. कंबर वाढायला नको.

आकडे लिहायचे नाहीत, पाठ करायचे नाहीत हा मावशीचा नियम कायम आहे, म्हणून आता रोज सकाळी दुकान उघडताना मला उघडतात. मावशी पुकारते, काकांचा हात दाबतो. जिमवाला आठवड्यातून दोनदा माझी कंबर तपासायला येतो, कारण त्याची अब्रू तिच्यावर आहे. त्याने मला जिममध्ये यायला बंदी घातलीय आणि बेकरीत जायलाही. दुकानाच्या नियमांनुसार, जे मीच लिहिले होते, पासवर्डमध्ये कोणताही बदल हवा असल्यास रीतसर अर्ज करावा लागतो. तो मी केलाय.

*प्रति,*
*मा. मालकीणबाई*
*(डेटा सुरक्षा अधिकारी, म्हणजे अर्जदार स्वतः, यांच्यामार्फत)*

*विषय: कमरेत वाढ मंजूर होणेबाबत.*

*महोदया,*

*उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची कंबर दुकानाच्या ताब्यात असून अर्जदार तिच्यासोबत नाइलाजाने राहत आहे. सबब विनंती की, अर्जदारास एक इंच वाढण्याची लेखी परवानगी देण्यात यावी. ते शक्य नसल्यास अर्जदाराचा खांदा, छाती, कंबर, सीट व बाही दुकानात जमा करून घ्याव्यात, आणि उर्वरित अर्जदारास दुपारच्या बसने कार्यमुक्त करण्यात यावे.*